बॅटिंगवाल्यांचा अंपायर

आमच्या घरातली थर्ड अंपायर मी आहे. गेल्या वर्षी बाबांची नजर अधू झाली. समोरचं मधलं दिसेनासं झालं, कडेचं तेवढं दिसतं. माणसाचा चेहरा बघायचा तर त्यांना जरा बाजूला बघावं लागतं. त्यामुळे मॅच ते कानांनीच बघतात, आणि रिव्ह्यू घेतला गेला की मला हाक मारतात, "अगं ये, काय दाखवतायत सांग." मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावते.

निकाल देण्याच्या बाबतीत मी मुळीच भरवशाची नाही, हे आधीच कबूल करते. समोरच्या टीमचा बॅट्समन बॅटची कट लागून कॅच गेल्यावरही क्रीजमध्ये उभा राहिला की मी त्याच्या सात पिढ्यांचे संस्कार काढते. आपला राहिला, तर "अंपायरने दिला नाही ना? मग त्याने कशाला जायचं?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मागच्या रविवारी दुपारी असंच झालं. आपल्या शेवटच्या भरवशाच्या बॅट्समनविरुद्ध जोरदार अपील झालं आणि अंपायरने नकाराची मान हलवली. समोरच्यांचे रिव्ह्यू संपलेले, त्यामुळे ते बिचारे अंपायरभोवती जमून नुसते हातवारे करत राहिले. मग रिप्ले आला. बॉल बॅटची कड चाटून सरळ कीपरच्या हातात गेला होता, आणि पडद्यावरची आवाजाची रेघ नेमकी तिथेच टुणकन उडाली होती. आमचा बॅट्समन ग्लोव्हज नीट करत शांत उभा. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये खालपासून वरपर्यंत शिट्ट्या.

"काय दाखवतायत?" बाबांनी विचारलं.

"कट नाहीये, बाबा. चांगलं बोटभर अंतर आहे."

"कट मला ऐकू आली गं," बाबा म्हणाले. "बॅटिंगवाल्यांचा अंपायर आहेस तू."

मी हसले. गल्लीतल्या क्रिकेटचा हा जुना कायदा. बाहेरचा अंपायर कोण आणणार? मग बॅटिंग करणाऱ्या टीममधलाच एक जण उभा राहतो, आणि तो कुणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाबा हसले नाहीत. "मीही होतो एकदा," ते म्हणाले.

ते कोलशेतच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, हे मला माहीत होतं. पॅकिंगमधला एक जण त्यांचा जिवलग मित्र होता, हे माहीत नव्हतं. दोघं रोज कँटीनमध्ये एकाच टेबलावर डबा खायचे. कंपनीच्या शिल्डची फायनल मेंटेनन्स विरुद्ध पॅकिंग अशी झाली. बॅटिंग मेंटेनन्सची, म्हणून अंपायर बाबा. चार रन हवे होते, शेवटची जोडी होती, आणि बॉलिंगला तो मित्र. कट लागली, कीपरने कॅच घेतला, मित्र बाबांकडे वळून ओरडला.

"स्पष्ट ऐकलेली," बाबा म्हणाले. "पण हात खिशातच राहिला."

शिल्ड मेंटेनन्सने जिंकली. दुसऱ्या दिवशी मित्राने डबा दुसऱ्या टेबलावर उघडला, आणि रिटायर होईपर्यंत तो तिथेच उघडत राहिला. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं टेबल बदललं.

"शहाडला असतो तो. नजर पूर्ण जायच्या आत एकदा त्याला बघायचंय मला. आणि सांगायचंय."

मला आधी राग आला. एका कॅचपायी दोन शहाण्या माणसांनी आयुष्य असं घालवावं! मग बाबांचा खुर्चीच्या हातावर ठेवलेला उजवा हात दिसला आणि राग ओसरला. माणूस इतकी वर्षं मनात तोच एक बॉल घेऊन बसला होता.

मी जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करून फोन लावला. पलीकडून "या," एवढंच उत्तर आलं. शहाडला गेलो तेव्हा दार त्या काकांनीच उघडलं. बनियन-लुंगीतले, बाबांपेक्षा वाळलेले. बाबांना माझ्या शेजारी कोचावर बसवून ते स्वतः लांब खिडकीपाशी बसले. त्यांच्या सुनेने चहा आणला. दोन कप आमच्यासमोरच्या टीपॉयवर, एक त्यांच्या खिडकीत.

"तो आउट होता रे," बाबा एकदम म्हणाले. "मी ऐकलेलं."

काकांनी कपात बघितलं. मग म्हणाले, "सोड ना आता. नोबॉल होता तो. माझा पाय बाहेर पडलेला. तू बरोबरच दिलेलंस."

मला हायसं वाटलं. संपलं, सुटलो, उठून मिठी मारावी आणि निघावं. मी पक्की बॅटिंगवाल्यांची अंपायर.

"खोटं बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मी रेषेकडे बघत होतो. वीतभर आत होता तुझा पाय. अपील कर."

"वेडा झालास काय? ह्या वयात?"

"कर म्हणतो ना."

काका उठले. बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. बाबांनी मान बाजूला वळवली, तसे काका भांबावले. मी म्हटलं, "काका, समोरचं दिसत नाही त्यांना. कडेचं दिसतं."

"मग कुठे उभा राहू रे?" त्यांनी विचारलं, आणि एकेक पाऊल सरकत गेले, बाबा "बस" म्हणेपर्यंत. मग घसा खाकरून, सून स्वयंपाकघरात ऐकेल म्हणून जरा हळूच ते म्हणाले, "हाऊज दॅट?"

बाबांनी बोट वर केलं. मित्राचे डोळे वाहेपर्यंत ते खाली आणलं नाही.

मग काका खिडकीपाशी गेले, आपला कप उचलला, आणि आणून आमच्या टीपॉयवर ठेवला.