राळेतला मणी

त्याला सगळे डिंक्या म्हणायचे आणि त्याला त्याचा रागही नव्हता. बोटांना राळ, नखांत राळ, शर्टाच्या बाहीला राळ. वीजकेंद्राच्या दुरुस्तीखोलीत तो वर्षानुवर्षं मीटर, रिले, घंट्या उघडून बसलेला. एकदा त्याने साहेबांशी हात मिळवला, तर साहेबांच्या बोटांना अर्धा दिवस कागद चिकटत राहिले, अशी गोष्ट त्याचा साडू तिखटमीठ लावून सांगायचा.

साडू त्याच केंद्रात पॅनेल ऑपरेटर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची घरं वसाहतीत भिंतीला भिंत लावून. साडूचं काम म्हणजे लोखंडी कपाटांच्या रांगेपुढे उभं राहायचं आणि हुकूम आला की सप्लाय चालू-बंद करणारी मूठ फिरवायची. कपाटात तांब्याच्या पट्ट्या, पट्ट्यांवर अकरा हजार व्होल्ट. दोन पट्ट्या बोल्टने जिथे जोडलेल्या असतात तो जोड सैल झाला की तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एके दिवशी कपाटाचं दार तोफेसारखं उडतं. मागच्या उन्हाळ्यात मागच्या रांगेतलं एक असंच उडालं होतं. समोर उभा असलेला ऑपरेटर अजून अंथरुणावर होता. त्याला बघायला गेलेली माणसं दारातच चपला उतरवण्यात उगाच वेळ काढायची.

तेव्हापासून साडूचं सगळं लक्ष कपाट चारकडे. त्यातून रंग तापल्याचा वास येतो म्हणायचा. "साहेब, जोड उघडून बघू द्या."

साहेबांचं एकच पालुपद. "वासावर सप्लाय बंद करता येत नाही. आकडा दाखव."

आकडा आणायचा कुठून? बंद लोखंडी दारापलीकडचं उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. आणि बाहेरून मागवायच्या सेन्सरची किंमत वाचून साहेब आधी हसले आणि मग त्यांनी तो कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पेल्याखाली ठेवला, तो तिथेच राहिला. तेव्हा डिंक्या म्हणाला, "मी करतो."

सोपं वाटलं होतं. उष्णता ओळखणारा मोहरीएवढा मणी बाजारात चहाच्या भावात मिळतो. त्याला दोन तारा, तारांच्या दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारी आणि फार तापलं की घंटा वाजवणारी डबी. पण डबी कपाटाबाहेर, माणसाच्या हाताशी. म्हणजे मणी अकरा हजारांना खेटून आणि त्याच्या तारा माणसाच्या दारात. मधे फक्त मण्याभोवती ओतलेली, वीज अडवणारी राळ. ती फुटली तर आकडा वाचायला वाकलेला माणूसच जायचा.

नळाच्या पाइपाचा तुकडा साचा म्हणून घेऊन त्याने पहिला सेन्सर ओतला. राळेत हवेचे बुडबुडे राहिले. चाचणीच्या टेबलावर विजेचा दाब चढवला तशी त्या बुडबुड्यांतूनच ठिणगी आरपार गेली. मग भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून तो राळेतली हवा ओढून घ्यायला लागला. पुढचा कोपऱ्यात तडकला. त्याच्या पुढचा तारेपाशी फुटला. दरवेळी तो 'चट्' आवाज आला की डिंक्या पाइपाचा नवा तुकडा कापायला घ्यायचा.

"साडू, तू सेन्सर करतोयस का लायटर?" साडू हसायचा. पण हसून झालं की हळूच विचारायचा, "होईल ना रे?"

शेवटी डिंक्याने थर वाढवत वाढवत नेला. सेन्सर अंगठ्याएवढा जाड झाला, आणि टेबलावर शांत बसून राहिला. ठिणगी नाही, आवाज नाही. नंतर गरम तेलाच्या भांड्यात तो बुडवून शेजारी थर्मामीटर धरला. आकडा बरोब्बर जुळला. त्या दिवशी डिंक्याने घरी जाऊन बायकोला उगाचच हाक मारली आणि काय सांगायचं ते सुचेना म्हणून पाणी मागितलं.

मधे एकदा सप्लाय आपोआप गेला. ती संधी साधून दोघांनी चार नंबरचं दार उघडलं आणि जोडालगतच्या पट्टीवर सेन्सर बांधला. जोड काळ्या वेष्टणात गच्च गुंडाळलेला. तो सोडून, घासून, पुन्हा आवळायला अर्धा दिवस हवा. तेवढा कोण देतो? सप्लाय परत आला. डबीवर आकडा चढत चढत एकसष्टवर थांबला.

"बघ, एकसष्ट!" साहेब खूश. "नव्वदपर्यंत चालतं. तपासणीच्या कागदावर कर सही."

डिंक्याने सही केली. त्या सहीच्या जोरावर साहेबांनी नव्या पाणीपंपांचा सगळा भार चार नंबरवर टाकायचं ठरवलं. साडूने सुटकेचा श्वास सोडला. "नाकच खोटं निघालं माझं!"

भार चढायचा त्या दुपारी डिंक्या घरी होता. वाकून वाकून मान आखडलेली. बायको फडक्याची जाड घडी तव्यावर ठेवून शेक देत होती. मेव्हणी उंबऱ्यात बसलेली.

"भावजी, तुमच्यामुळे यांना झोप लागायला लागली बघा. नाहीतर झोपेतसुद्धा मूठ फिरवायचे."

"हिला सांग, आधी माझी मान फिरते का बघ म्हणावं."

बायकोने घडीवर हात ठेवून पाहिला. "गारच आहे अजून. राहू दे जरा." आणि लगेच करपल्याचा वास आला. तिने घडी उलटली. खालून फडकं काळं पडलं होतं, वरून नुसतं कोमट.

डिंक्या त्या घडीकडे बघत राहिला. तेलात त्याने सेन्सर सगळा बुडवला होता. उष्णता चारी बाजूंनी आत शिरली होती. पट्टीवर तो एकाच अंगाने टेकलेला. दुसऱ्या अंगावर कपाटाच्या पंख्याचा वारा. मणी जाड राळेच्या मधोमध. वीज अडवायला थर वाढवला, त्याच थराने उष्णताही अडवली.

"अहो, कुठे निघालात? शर्ट उलटा आहे!"

पॅनेलखोलीत साडू मुठीशीच उभा होता. डबीवर सदुसष्ट. वास आता डिंक्याच्या नाकालाही झोंबला. तो तसाच साहेबांच्या खोलीत शिरला.

"साहेब, भार काढा. माझा सेन्सर खोटं बोलतोय. जोड खूप तापलाय."

"किती?"

"ते सांगता येत नाही."

साहेबांनी फोन बाजूला ठेवला. "तुझ्या सहीवर भार टाकलाय मी. अर्ध्या गावाचं पाणी चालू आहे. नव्वद झाले की नियमाने बंद करतो, एका मिनिटात. झालेत का नव्वद?"

"साहेब, तिथे माझा साडू उभा आहे हो."

"म्हणून तर म्हणतो, घरगुती काळज्या घरी ठेव."

डिंक्या बाहेर आला. हातांना काय करायचं ते कळलेलं होतं. दुरुस्तीखोलीतून त्याने डाळीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर उचलला. डबीमागे जिथे मण्याच्या दोन तारा येतात, तिथे तो जोडला की डबीला वाटतं मणी पेटलाय.

"काय करतोयस?" साडूने विचारलं.

"बघू नकोस इकडे."

घंटा घणघणली. डबीवर एकशे चार. साडूने मूठ फिरवली, कपाट धाडकन आवाज करून गप्प झालं. साहेब धावत येईपर्यंत तो दाणा डिंक्याच्या खिशात गेला होता.

पट्ट्या जमिनीला जोडून, सगळं निर्धोक करून दार उघडलं. वेष्टण कोळशासारखं गळून पडलं. बोल्ट निळा पडलेला, तांबं खाल्ल्यासारखं. साडू दारापासून दोन पावलं मागे सरला आणि खाली बसला.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "लेका डिंक्या, मघाशी उगाच घाबरला होतास! वाचवलंस की तुझ्या सेन्सरने! असाच प्रत्येक कपाटाला बसवायचा. अगदी असाच. काही बदलू नकोस. आजच वर कळवतो."

साडूने बसल्याबसल्या त्याचा पाय धरला. डिंक्याला तो हात सोडवून घेता येईना. प्रत्येक कपाटावर कोमट आकडा दाखवणारी डबी, आणि तिच्या भरवशावर वाढवलेला भार, आणि समोर कुणाचा तरी साडू.

त्याने खिशातला दाणा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. "घंटा मी वाजवली. सेन्सर सदुसष्टच सांगत होता."

साहेबांनी तो दाणा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तू केंद्राचा सप्लाय खोटेपणाने पाडलास."

"हो."

"तारा काप त्या डबीच्या. आणि हे सेन्सर प्रकरण इथे संपलं. यापुढे कुणी नाव काढायचं नाही." त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. "याला फाटकाबाहेर सोड. उद्यापासून आत घ्यायचा नाही."

"साहेब, थर पातळ करून, आकार बदलून जमेल. मला थोडा—"

साहेब निघून गेले होते.

तेवढ्यात फोन आला. पंपांचा भार पाच नंबरवर घ्या. साडू उठला, पाच नंबरपुढे जाऊन उभा राहिला. हात मुठीवर. तो मागे न बघता म्हणाला, "गप्प बसला असतास तर निदान साहेबांनी तुझं ऐकलं तरी असतं. आता मी कशाच्या भरवशावर उभा राहू, सांग?"

डिंक्या जाऊन साडूच्या शेजारी उभा राहिला, त्याच कपाटाकडे तोंड करून. पहारेकरी दारात घुटमळला, "चला हो आता," म्हणाला. साडूने मूठ फिरवली.