पत्र्याच्या आतला माणूस

रविवार, दुपारचे तीन. हजर: मी, बायको, मुलगी आणि बाबा.

जुन्या, फसलेल्या विज्ञानपटांची टर उडवणारा कार्यक्रम आम्ही बेसा भागातल्या आमच्या घरी एकत्र बघतो. कोणता भाग लावायचा, याची यादी मी करतो. त्या दिवशी पत्र्याचा यंत्रमानव धडपडत आला. तरुणपणी त्या पत्र्यात बाबाच होते. सिनेमाचं नाव मी तपासलंच नव्हतं.

“अरे, हा तर तेलाचा पिपा!” मुलगी खिदळली. तिला ठाऊक नव्हतं.

मी रिमोट उचलला, तसे बाबा म्हणाले,

“बंद काहून करून राहिला गा? शेवटी माहं नाव येते.”

मुलीचं हसू थांबलं. आम्ही शेवटाची वाट पाहिली. कार्यक्रमवाल्यांनी नावं कापली होती. बाबा उठून आत गेले.

‘मूळ सिनेमा मिळवणे, नावांसकट’ हे काम यादीत अजून तसंच आहे.