स्वयंपाकघर नसलेली खोली

हेमामामींनी निम्मा भारत पाहिला होता, पण मागच्या दाराने. दिल्लीत नळाला पाणी पहाटेच येतं, माटुंग्याच्या घरांतले ओटे इतके बुटके असतात की पोळ्या लाटता लाटता कंबर मोडते, उटीच्या थंडीत डोशाचं पीठ दोन दिवस ठेवलं तरी आंबत नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. आग्र्याला त्या राहून आल्या होत्या आणि ताजमहाल मात्र पाहिला नव्हता. ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरच्या बाईंना नेमका ताप आला. मग माधवमामा मुलांना घेऊन ताजमहालाला गेले आणि मामी घरभर माणसांसाठी आमटी ढवळत राहिल्या. मामांनी आणलेला संगमरवरी छोटा ताजमहाल त्यांच्या शोकेसमध्ये होता. मला तो फोडून टाकावासा वाटायचा.

याला कारण माधवमामांचा एक नियम. गावात आपलं माणूस असताना लॉजमध्ये उतरायचं नाही. मामा-मामींसारखी तंजावरकडची मराठी कुटुंबं तीनशे वर्षांपासून तिकडे आहेत आणि आपसातच सोयरिकी करत आली आहेत, त्यामुळे कुठल्याही गावात कुणाच्या तरी आत्याचा दीर निघतोच. रेल्वेतून निवृत्त झालेले मामा छाती पुढे काढून सांगत, "सगळं हिंदुस्थान फिरलों. एका लॉजची पायरी चढलों नाहीं." ती पायरी चढायला लागू नये म्हणून कोण राबलं, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

मी मूळची सांगलीची. चेन्नईजवळ मराईमलैनगरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होते आणि वेस्ट तांबरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. पहिल्या दिवशी त्यांची मराठी ऐकून मला हसू फुटलं, कारण ती जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी होती आणि तिला तमिळ हेल होता. मामींनी मला तिथल्या तिथे सुनावलं. "आमची मराठी तुमच्याहून जुनी. हसायचं तर तुझ्या मराठीला हस." त्या दिवसापासून आमचं जमलं.

२००७ साली मामी कॉलेजच्या कचेरीतून निवृत्त झाल्या. निरोपाचा हार घरी आणून देवाला घातला आणि मामांनी उदारपणे विचारलं, "काय हवं? पट्टुसाडी, रेशमाची? काशी?"

"अंदमान," मामी म्हणाल्या. "तिथें मी अन्न शिजवणार नाहीं. कोणाच्या घरीं उतरणार नाहीं. समुद्रासमोर बसणार."

मामांना हे निवृत्तीचं दुःख वाटलं. चार दिवसांत उतरेल म्हणून ते गप्प राहिले. चौथ्या दिवशी मामी माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "रेवा, तुझ्या कॉम्प्युटरांत ती बेटं दाखव."

मी आयुष्यात बरीच माणसं हॉटेल निवडताना पाहिली आहेत, पण मामींसारखं कुणी नाही. समुद्र किती जवळ, खोली किती मोठी, एसी आहे का, असलं त्यांनी काही विचारलं नाही. मी हॅवलॉक बेटावरच्या एका सुरेख कॉटेजचे फोटो उघडले. मोठ्या कौतुकाने तिथे लिहिलं होतं की प्रत्येक कॉटेजला स्वतंत्र छोटं स्वयंपाकघर आहे, गॅस आणि भांड्यांसकट. मामी अशा मागे सरकल्या की मला वाटलं पडद्यावर पाल दिसली.

"पोदुम! पुरे! बंद कर तें. गॅस दिसला कीं मामा कॉफी मागतील. कॉफीनंतर उप्पुमा. उप्पुम्यानंतर अस्क." अस्क म्हणजे सगळं. त्या एका शब्दात त्यांचा सगळा संसार आला.

दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकघर नव्हतं, पण "घरच्यासारखं वातावरण" असं लिहिलं होतं. तेही कटाप. तिसऱ्या ठिकाणी समुद्राला लागून बांबूच्या झोपड्या होत्या, एक खाट, एक मच्छरदाणी आणि पुढे दोन खुर्च्या. जेवायला सगळ्यांसाठी एक मांडव. मामी तो फोटो बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, "ह्या खुर्च्यांवर बसलं तर पाठीमागून कोणी हाक मारेल?"

"कोण मारणार?"

"सेरी, बरं. हेंच."

मामांनी मग एकेक तोफ डागायला सुरुवात केली. सुनामी. साप. आणि शेवटी सगळ्यात मोठी: "बेटावर मासेच मासे. खाणार काय?" मामींनी माझा मोबाइल घेतला आणि थेट त्या झोपडीवाल्याला फोन लावला. तो बंगाली माणूस. मामींनी शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, त्या हिंदीत त्यांनी त्याला भात, डाळ, दही आणि बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात करण्याचं कबूल करून घेतलं. फोन ठेवल्यावर मामांकडे पाहिलंसुद्धा नाही.

बुकिंग मी इंटरनेटवरून केलं आणि कागद छापून दिला. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. सही नाही, शिक्का नाही. असल्या कागदावर कुणी खोली देईल यावर त्यांचा विश्वास बसेना. "उद्या तिथें नाहीं म्हणालें तर? हिलाच संगें घेऊन जाऊं." अशा तऱ्हेने, जिवंत शिक्का म्हणून, माझी रजा मंजूर झाली आणि मी माझ्यापुरती दुसरी झोपडी घेतली. मला आनंद झाला होता, पण धाकधूकही होती. मामा जरा जास्तच लवकर शांत झाले होते.

त्याचं कारण पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर उभं होतं. गोल चेहरा, कपाळाला गंध, हातात जीपची किल्ली. मामा हर्षाने ओरडले, "शेषाद्री!" शेषाद्री म्हणजे मामांच्या चुलत बहिणीचा मुलगा. कुठल्याशा सरकारी कचेरीत हिशेबनीस म्हणून बदली होऊन अकरा वर्षांपूर्वी इकडे आला होता. मामांनी त्याला गुपचूप फोन करून ठेवला होता.

"घर असतां झोपडींत राहायचं?" शेषाद्रीने बॅगा जीपमध्ये टाकल्यासुद्धा. "विद्यालक्ष्मी पहाटेपासून करत्ये आहे. पुरणपोळी केली."

शिजवून ठेवलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नसतं, हे मलाही सांगलीत शिकवलेलं. जीपमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. दोन्ही बाजूंनी निळं पाणी दिसत होतं, आणि त्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. मला मामांचा असा राग आला म्हणून सांगू! हॅवलॉकची बोट दुपारी होती. जेवण होईल, मग वामकुक्षी होईल, मग "आता उद्याच जा" होईल, आणि उद्या कधी येत नाही.

शेषाद्रीच्या घरी पुरुष बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले. मामी आणि मी आत गेलो. स्वयंपाकघरात त्याची बायको, बारीक चणीची, चाळिशीची बाई, घामाने चिंब होऊन पोळ्या भाजत होती. एका शेगडीवर सांबार उतू जायच्या बेतात होतं. मामींनी पदर खोचला, डाव उचलला आणि सांबार ढवळायला लागल्या. कुणी सांगितलंही नव्हतं. हात आपसूक गेला.

संपलं, मी मनात म्हटलं. आग्र्याची पुनरावृत्ती.

"अय्यो मामी, तुम्ही नको, बसा," विद्यालक्ष्मी म्हणाली खरी, पण तिच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसली.

"किती वर्सं झालीं इकडे?" मामींनी विचारलं.

"अकरा."

"हॅवलॉक कसं आहे?"

विद्यालक्ष्मीने तव्यावरची पोळी उलटली. "चांगलं आहे म्हणतात. तिकडून कोणी येतात, आमच्याकडे उतरतात, जाऊन पाहून येतात आणि सांगतात. मी गेलें नाहीं."

"कां?"

"कोणी आले तर मी स्वयंपाकांत. कोणी नाहींत तर ह्यांस ऑफिस."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलंच नाही, आजचा वार सांगावा तसं सांगितलं. मामींचा डाव सांबारात थांबला. इतकी वर्षं त्यांनी ज्या ज्या घरी पोळ्या लाटल्या, त्या प्रत्येक घरात अशीच एक बाई असणार, हे त्यांना त्याक्षणी दिसलं असावं. निदान मला तरी दिसलं, आणि माझी मलाच लाज वाटली, कारण आतापर्यंत मी त्या घरोघरच्या बाईवरही चिडून होते.

मामींनी गॅस बंद केला. डाव भांड्यावर आडवा ठेवला आणि खोचलेला पदर सोडला.

"दोन साड्या घे," त्या म्हणाल्या. "आणि ऊन आहे, छत्री घे."

मामी बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि मी पळतच त्यांच्या मागे, कारण हे चुकवलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

"आम्ही दुपारच्या बोटीनें जात आहों," मामींनी जाहीर केलं. "तुम्ही येतां?"

मामा आरामखुर्चीत रेलून हसले. हा सामना आपण जिंकलाय असं त्यांना वाटत होतं. "शेषाद्रीचं घर सोडून? मी लॉजमध्यें झोपणार नाहीं म्हणजे नाहीं. सांगून ठेवतों."

"नक्की?"

"नक्की!"

"बरं झालं. मग एक जागा रिकामी झाली. विद्या येत्ये आहे."

शेषाद्री अर्धवट उठला. "मामी, पण पाहुणे घरीं असतां ही कशी जाईल? मामांचं कोण बघणार?"

"तू," मामी म्हणाल्या. "तुझा मामा. तुझं घर. तूंच विमानतळावरून धरून आणलास. कर आतां पाहुणचार. सांबार रात्रीपर्यंत पुरेल. पोळ्या डब्यांत आहेत."

"आणि उद्या?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"उद्या काय, मज कसं ठाऊक? मी सुट्टीवर आहें."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच माझा संयम. आम्ही सगळे जेवलो, आणि पोळ्या खरोखर उत्तम होत्या. मग जेटीवर जाऊन मी मामांचं तिकीट परत केलं आणि विद्यालक्ष्मीचं काढलं. ती शेवटपर्यंत मागे वळून बघत होती, आता कुणीतरी येऊन आपल्याला परत नेणार अशा धास्तीने. बोट सुटली तेव्हा तिने छत्री उघडली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिथून ती हॅवलॉक येईपर्यंत हलली नाही.

झोपड्या फोटोतल्यासारख्याच होत्या. फक्त समुद्र फोटोत मावला नव्हता. भरतीचं पाणी खुर्च्यांच्या पायांपाशी येऊन जात होतं, आणि त्याचा रंग मी सांगत बसत नाही, कारण मला तो सांगता येणार नाही. मामी खुर्चीत बसल्या, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. मग एकदम हसायला लागल्या. एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या झोपडीतला गोरा माणूस बाहेर डोकावला.

विद्यालक्ष्मीला मात्र बसणं जमेना. मांडवात जेवायला गेलो की तिची नजर सगळ्यांच्या ताटांवर. कुणाची डाळ संपली की ही अर्धी उठलेली. वाढप्याच्या हातातून तिने एकदा भाताचं पातेलं अक्षरशः ओढून घेतलं. मामींनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं, प्रत्येक जेवणाला, न चिडता. "बस. त्याचं काम त्यास करूं दे."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने माधवमामा आणि शेषाद्री आले. आम्ही मांडवात जेवायला बसलो होतो. मामांच्या अंगठ्याला फोडणीचा चटका बसलेला, शेषाद्रीची दाढी वाढलेली. दोघांचे चेहरे बघून मला दया यायला हवी होती. ती आली नाही.

"विद्या," शेषाद्री म्हणाला, "घरीं चल गं. दोन दिवस झाले, नीट खाल्लं नाहीं. मामा तरी किती दिवस ब्रेडवर राहतील?"

मामींनी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे उत्तर त्यांचं नव्हतं, हे त्यांना कळलं. मी विद्यालक्ष्मीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते, उठायला निघाल्यासारखे. मला वाटलं, आता ही उठणार, पदर खोचणार आणि बोटीत जाऊन बसणार.

तिने हात मांडीवर घेतले.

"आमचं परवापर्यंत आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसा. भुकेले आहांत." मग मान वळवून तिने वाढप्याला हाक मारली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. "भाईसाब, इन दोनों को खाना दीजिए. और मुझे थोडा चावल और. गरम वाला."

वाढपी भात घेऊन आला आणि त्याने आधी तिला वाढलं. ती जेवायला लागली. माधवमामा तिच्या समोरच्या बाकावर गुपचूप टेकले आणि आपलं ताट येण्याची वाट बघू लागले.