‘टेंटरडन’चा आचारी

जोनास टॅपली आवडतो असं म्हणणारा माणूस चॅटमच्या गोदीत मला अजून भेटायचा आहे. मी फारसा शोधलाही नाही.

चौसष्ट तोफांचं ‘टेंटरडन’ जहाज पाण्यात उतरलं तेव्हा टॅपली त्यावर साधा खलाशी होता. फ्रेंचांशी पहिल्याच झटापटीत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि इंग्रजी आरमाराच्या रिवाजाप्रमाणे त्याला तिथेच आचारी नेमलं. स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलं नाही. त्याचं उत्तर पुढं खलाशांनी वर्षानुवर्षं खाल्लं. मांस उकळताना वर येणारी चरबी हा आचाऱ्याचा हक्क. टॅपली ती मेणबत्तीवाल्याला विकायचा आणि पोरं कोरडं चावत त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. वेस्ट इंडीजच्या तापात निम्मं जहाज मेलं. टॅपलीला शिंकही आली नाही.

युद्ध संपलं. तोफा, शिडं उतरवून ‘टेंटरडन’ मेडवे नदीत बांधून ठेवलं. जुन्यांपैकी राखणीला उरले टॅपली आणि सुतार सायलस विकेंडन. दोघांचं बोलणं भांडणापुरतंच.

मग पुन्हा युद्धाची हवा सुटली आणि तपासनीस आला. त्याचा कारकून म्हणून दौत-टाक सांभाळायला मी. जहाज धड ठरलं तर समुद्रावर, कुजकं ठरलं तर फोडायचं. ते फुटलं की विकेंडनला नवं जहाज मिळणार होतं. टॅपलीला मात्र ह्या चुलीशेजारच्या कोपऱ्याखेरीज जगात जागा नव्हती.

“म्हातारी आतून भुसा झालीय, साहेब,” जहाजाच्या कठड्यावर थाप मारत विकेंडन म्हणाला.

“भुसा याच्या डोक्यात. इतक्या वर्षांत एक खिळा ठोकला नाही यानं, अन् म्हणे कुजलं.”

“मग न कुजून करील काय?”

“बघायचंय? बघा.” टॅपलीनं लाकडी पाय उचलून दणादण आपटला. फळी वाजली, कुरकुरली, आणि पाय आरपार गेला.

तपासनीसानं खडू काढला.

विकेंडन करवत घेऊन आला. “हलू नकोस, आचारीबुवा. फळी कापतो.”

“फळीला हात लाव, मग तुला दाखवतो.” टॅपलीनं पट्टे सोडले, पाय तिथेच रुतलेला ठेवला आणि कठड्याला धरून उभा राहिला. “साहेब, ही एकच फळी तेवढी. बाकीच्या बघा.”

डोलकाठीवर फोडायची फुली मारून साहेब होडीकडे निघालेसुद्धा. टॅपली एका पायावर उड्या मारत मागोमाग. “ही बघा. ही ऐका, कशी वाजते.”

“जरा बेतानं,” विकेंडन म्हणाला. “उरलेला पाय हाडामांसाचा आहे.”