समुद्रासमोरचं लॉन

मी खाऱ्या हवेला घाबरते. समुद्राजवळच्या घरांचं बाहेरचं काम, म्हणजे भिंतीचे दगड, फरशा, रेलिंग, दिवे, झाडं, हा माझा धंदा आहे. खारं वारं यातलं काय खाईल याची धास्ती मनात कायम असते. मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी मी स्वतःचं पहिलं काम घेतलं, ते मनोरीच्या किनाऱ्यावरच्या एका बंगल्याचं. कांदिवलीहून सकाळी निघायचं, मार्व्याला स्कूटरसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे पोचेपर्यंत कालच्या कोणत्या स्क्रूला गंज चढला असेल ते आठवत बसायचं, असे ते दिवस होते.

मालकीणबाई पार्ल्याच्या डॉक्टर. त्यांना भपका नको होता. व्हरांड्यापासून थेट समुद्राकडच्या भिंतीपर्यंत एकसलग हिरवं लॉन आणि फेब्रुवारीअखेर वास्तुशांत, एवढंच त्यांचं म्हणणं. मी कुंपणाला जांभा घेतला, जमिनीला खरखरीत काळा दगड. लोखंड जवळपास हद्दपारच केलं. बिजागऱ्यांचे नमुने महिनाभर समुद्राच्या तोंडावर टांगून ठेवले आणि ज्यांच्यावर ठिपका दिसला त्या परत पाठवल्या. गवतही खारेपणा सोसणारं शोधून आणलं. मिस्त्री मला पाठीमागे मिठाची बाई म्हणायचा. म्हणू दे, मला त्याचा अभिमानच होता.

बंगल्याच्या मागे, कुंपणाला लागून, एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंची भाजीची वाडी होती. मुळा, लाल माठ, थोडी वांगी. मुलगा अंधेरीला नोकरीला, नवरा वारलेला, वाडी त्या एकट्याच बघायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्या मला बाय. त्यांच्या वाडीत विहीर होती, आमच्या आवारातही एक जुनी विहीर होती. दोन्हींच्या मध्ये फार तर पन्नास पावलं.

आम्ही विहिरीवर पंप बसवला त्या दिवशी मावशी कुंपणापाशी आल्या. गावात पाणी ओहोटीलाच उपसतात, भरतीला विहिरीला हात लावायचा नाही, हे त्यांनी सांगितलं. तिथी बघून वेळ ठरवायची, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन दिवस विहीर तशीच ठेवायची आणि रोजची पहिली बादली जिभेवर घेऊनच वाफ्यात सोडायची. तेव्हा मी मिस्त्रीशी दगडांच्या सांध्यांवरून भांडत होते. हो हो, म्हणाले आणि टायमर लावला. रोज पहाटे पाच. भरती असो की ओहोटी, पाच म्हणजे पाच. पाण्यातला क्षार मोजायचा मीटर माझ्याकडे होता आणि दिवाळीत त्याने दोन्ही विहिरींचं पाणी गोड दाखवलं होतं. मग जिभेची काय गरज?

जानेवारी संपेपर्यंत लॉन असं झकास धरलं, की मी रोज त्याचे फोटो काढून नवऱ्याला पाठवत होते. तो बिचारा मीटिंगमधून अंगठा पाठवायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशी हातात मुळ्याचं एक पान घेऊन आल्या. पानाच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. लॉनवर काही औषध मारलंत का, ते वाऱ्याने इकडे आलं असेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी ठासून नाही म्हणाले, कारण औषध खरंच मारलं नव्हतं. मग सहज म्हणून त्यांच्या विहिरीत मीटर बुडवला. आकडा पाहून मीटर बिघडलाय असंच वाटलं. पुसून पुन्हा बुडवला. मग आमच्या विहिरीपाशी जाऊन तिथे बुडवला, तर आकडा त्याहूनही मोठा.

सगळं त्याच क्षणी कळलं. आमच्या पंपाने रोज भरपूर गोडं पाणी ओढलं आणि त्याच्या जागी खालून समुद्र आत आला. आधी आमच्या विहिरीत, मग त्यांच्या. माझं गवत खारं पाणीही आनंदाने पीत होतं, म्हणून त्याने एक पातंही पिवळं करून मला इशारा दिला नाही. वरच्या मिठाला घाबरून मी बिजागऱ्या टांगत बसले आणि खालून मीठ स्वतः खेचून आणलं.

मावशी कुंपणापलीकडे उभ्याच होत्या. मी म्हणाले, बघते.

त्यानंतर आठ दिवस मी मूग गिळून बसले. आजही हे लिहिताना कान गरम होतात. पंप बंद केला तर लॉन वाळणार, वास्तुशांतीला पंधरा-वीस दिवस राहिलेले, पहिलंच काम, आणि मालकीणबाईंना सांगायचं काय? की मला पाण्यातलं काही कळत नाही? फेरीबोटीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे आणि पलीकडे उतरल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघायचं नाही. जेवण जाईना. मोबाइलवर मालकीणबाईंचं नाव दिसलं की मी तो पालथा घालून ठेवायचे. आता कुंपणाच्या बाजूचं काम मी मिस्त्रीवर ढकललं, मावशी दिसू नयेत म्हणून. पहाटेचा टायमर मात्र मी बंद केला नाही. अर्धा तास कमी केला, बस. तेवढ्याने काही होत नाही हे मला ठाऊक होतं, पण काहीतरी केल्याचं समाधान मला हवं होतं.

नवव्या दिवशी नवऱ्याने ताट माझ्यासमोरून बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "सांगून टाक ना यार. काम गेलं तर जाऊ दे."

मी पार्ल्याला दवाखान्यात गेले. पेशंटांच्या रांगेत बसले. आत गेल्यावर एका दमात सगळं सांगितलं, टायमरसकट. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"अगं, मग हे त्याच दिवशी नाही का सांगायचं? लॉन काय, पुढच्या वर्षी होईल. त्या बाईंची भाजी गेली ना?"

त्या रागावणार हे धरून मी सगळी तयारी करून गेले होते. उलट उत्तरं, वाद, काम सोडून द्यायची भाषा, सगळं पाठ होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. दवाखान्यातूनच मिस्त्रीला फोन करून पंप बंद करायला लावला. वास्तुशांत पिवळ्या लॉनवर झाली आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नंतर आम्ही लॉनचा मोठा भाग काढला, तिथे वाळूत पसरणारी मर्यादावेल आणि उंडीची झाडं लावली, ज्यांना वरून पाणी घालावं लागत नाही.

मावशींना मी दवाखान्यात गेले त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं, तुमची विहीर मी खारवली. त्यांनी ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि पावसानंतर बघू म्हणाल्या. त्या वर्षीची भाजी गेली होती. वाफे उघडे पडले होते.

पुढच्या दिवाळीत मी मीटर घेऊन पुन्हा गेले. पाऊस चांगला झाला होता. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड झालं होतं. मीटर बाजूला ठेवून मी ते ओंजळीत घेतलं, चाखलं आणि पळत त्यांच्या ओट्यावर गेले. आता पेरा, मावशी, म्हणाले. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठल्यासारखं झालं होतं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पानी गोड झालं, बाय. पन बी कुठं हाय?"

बाजारातून आणून देते, मी म्हणाले. शिवाय गावात कुणाकडे तरी असेलच की.

मग त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. बाजारातला मुळा लांब आणि पांढरा. त्यांचा आखूड, देठाशी लालसर, लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्याचं बी हातात दिलेलं. गावात बाकीच्यांनी मुळा लावणं कधीच सोडलं. दरवर्षी त्या शेवटच्या दोन ओळी उपटत नसत, फुलू देत, शेंगा धरू देत आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचं बी घेत.

"तुला पान दाखवलं ना, तवा त्या दोन ओली हिरव्या होत्या," त्या म्हणाल्या. "नुसत्या कडा जलल्या होत्या. आठ दिवसांनी गेल्या."

त्यांना टायमरचं काही माहीत नव्हतं. आठ दिवसांचंही मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.