आईच्या आवडीची खरवड

वर्षश्राद्धाला आईच्या आवडीचं पानात वाढायचं, म्हणून परदेशातून बहिणीला फोन केला. "आईला काय आवडायचं गं?"

"खरवड. भाताची, तळाला लागलेली."

"आपल्याला भात पुरावा म्हणून म्हणायची ती तसं."

"मग दुसरं सांग की, दादा."

माझ्या आवडीनिवडी आईने डबे भरभरून इथवर पाठवल्या. स्वतःची एकही कळू दिली नाही. याचा मला अजून राग येतो.

इथल्या गुळगुळीत भांड्याला भात लागेना. चिडून आच वाढवली, तेव्हा घरभर धूर झाला. निघाली ती खरवड पानात वाढली, नमस्कार केला आणि मग एक घास खाल्ला. कडूजार होता. हे कुणाला आवडणं शक्यच नाही, आई.