वळणावरचे जोड

आमच्या घरात सुट्टी म्हणजे रेल्वे. आधी गाडी कोणती आणि वाटेत काय दिसतं हे ठरतं, मग कुठं उतरायचं त्याचा विचार. हा नाद मला वडिलांमुळे लागला असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, पण ते तितकंसं खरं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खिडकीबाहेरच्या कशातही रस नसायचा.

अण्णा रेल्वेत चावीवाले होते. हे काम हल्ली पुष्कळांना माहीत नसतं. रुळाला खालच्या स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या आणि एक रूळ दुसऱ्याला जोडणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट, हे सगळं रोज चालत जाऊन तपासायचं. सैल असेल तिथं ठोकायचं, आवळायचं आणि पुढं निघायचं. त्यांची हद्द शिंदवण्याच्या घाटात होती, पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या लाईनवर. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंड्या, मान खाली. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी त्याच वळणांवर काढली. घट्ट बोल्टवर हातोडा मारला की 'टण्ण' वाजतं आणि सैल बोल्टवर 'ठप्प', हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं होतं.

नोकरीमुळे वर्षाला प्रवासाचा पास मिळायचा. पास वापरला नाही तर तो वाया जाणार, आणि जवळच्या गावाला वापरला तरी वायाच गेल्यासारखा, असं आईचं ठाम मत होतं. त्यामुळे आम्ही लांब लांब जायचो. दोन दिवस गाडीत बसून एखाद्या गावी पोचायचं, तिथं अर्धा दिवस फिरायचं आणि परत दोन दिवस गाडीत. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलं नाही. माझी नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर मी हेच पुढं चालू ठेवलं, फक्त तिकिटं काढून. अण्णांना बरोबर घ्यायचेच.

उटीच्या गाडीला चढावर मधोमध एक दातेरी पट्टी असते, इंजिनाचं चाक तिला धरून वर सरकतं. डब्यातले सगळे चहाच्या मळ्यांचे फोटो काढत होते आणि अण्णा दोन पायांच्या मधल्या फळीकडे बघत बसले होते. माथेरानच्या छोट्या गाडीत त्यांना बरं वाटायचं, कारण तिचे रूळ आखूड आणि जोड जवळजवळ, म्हणजे जोडांवरून जाणाऱ्या चाकांचा ठेका सतत चालू. दूधसागरला तर कमाल झाली. धबधबा आला म्हणून अख्खा डबा एका बाजूला लोटला, मी ओरडले, "अण्णा, बघा, बघा की!" अण्णा उलट्या बाजूला डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "गप बस जरा, ऐकू दे."

धबधबा मागे गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. "पुलाच्या अलीकडं एक जोड खाली बसतोय," म्हणाले. पुढच्या स्टेशनात गाडी थांबताच ते उतरून स्टेशन मास्तरांना सांगूनही आले. मास्तरांनी लिहून घेतलं की नाही देव जाणे.

माझा नवरा सदाशिव पेठेतला. तो म्हणाला, "आपण पुढच्या वेळी अण्णांचं तिकीट न काढता नुसता आवाज रेकॉर्ड करून आणून देऊ या. त्यांचीही सोय, आपलीही."

संग्रहालयांत तीच गत. दिल्लीला राजेरजवाड्यांच्या डब्यातल्या मखमली खुर्च्या बघायला रांग लागली होती आणि अण्णा त्याच डब्याखाली वाकून रुळाची झीज बघत होते. कोथरूडमधल्या छोट्या गाड्यांच्या संग्रहालयात मात्र ते खुलले. हातभर गाडी टेबलावरून फिरली, तसे लहान पोरासारखे हसून म्हणाले, "ही बी जोडावर वाजती की!" मला मनापासून कुतूहल वाटायचं. हा माणूस जन्मभर ज्या आवाजात राहिला, त्याचा त्याला कंटाळा कसा येत नाही?

आता ते आमच्याकडे हडपसरला असतात. आमच्या गॅलरीतून इमारतींच्या फटीत मांजरीकडून येणारी लाईन दिसते, दिसते म्हणजे चारेक डबे. अण्णा सकाळी चहा घेऊन तिथं बसायचे आणि गाडी दिसायच्या आधी सांगायचे, "भरलेली मालगाडी हाय." मग ती यायची, भरलेलीच असायची. मात्र माणसांचं बोलणं त्यांना गेल्या दोनेक वर्षांत नीट कळेनासं झालं होतं. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की ते म्हणायचे, "मशीन लावलं तर मशीन ऐकंल, मी न्हाय. आणि माझं ऐकायचं मला ऐकू येतंया."

गेल्या ऑगस्टच्या शेवटी मी त्यांना त्यांच्याच घाटात घेऊन गेले. निवृत्तीनंतर ते त्या लाईनवरून गेलेच नव्हते. साताऱ्याकडची पॅसेंजर, खिडकीजवळच्या जागा, बाहेर डोंगर हिरवेगार. मी मोबाईलवर चित्रण करत होते. शिंदवणे गेलं तसा अण्णांनी खिडकीच्या गजाला कान लावला आणि डोळे मिटले. मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, की त्यांच्या मोठ्या वळणावर एकामागे एक जोड आहेत, त्यांचा ठेका त्यांना झोपेतही मोजता येतो. वळण आलं, गाडी कलली, सरळ झाली, बोगदा गेला. अण्णांनी डोळे उघडले आणि नुसतं म्हणाले, "झालं."

मला वाटलं, वळण झालं असं म्हणतायत.

दुसऱ्या दिवसापासून ते गॅलरीत बसेनात. चहा आत, भिंतीकडे तोंड करून. गाडी गेली तरी मान वर नाही. टीव्ही बंदच. आठवडाभराने मी घाबरत घाबरत डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाले, "घे नंबर." मी ज्या उत्तरासाठी दोन वर्षं भांडले होते ते इतक्या सहज मिळालं. मग हळूहळू त्यांच्याकडून काढून घेतलं. वळणावर त्यांना एकही जोड ऐकू आला नव्हता. "माणसांचं जाऊ दे," म्हणाले. "माझं वळण ऐकू आलं न्हाय. आता काय उरलं?"

डॉक्टरांची वेळ दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारची मिळाली. तोवर दिवाळीची सहल ठरलेली होतीच, एका रेल्वे संग्रहालयाची. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, तिथल्या पहारेकऱ्याला उगाच त्रास नको. अण्णा यायला तयार नव्हते, पण त्यांना घरी एकटं ठेवायची माझी हिंमत नव्हती.

अंगणात एक वाफेचं इंजिन जुन्या रुळांच्या तुकड्यावर उभं होतं. बाजूला पाटी: 'हात लावू नये. लावल्यास हात धुण्याची सोय नाही.' नवरा पाटीचाच फोटो काढत होता. अण्णा सावलीत बाकावर बसले होते, मी त्यांच्याजवळ. तेवढ्यात संग्रहालयाचा पहारेकरी, चांगला पन्नाशीचा माणूस, इंजिनाला वळसा घालून आमच्याकडे यायला लागला. रुळांच्या कडेनं चालताना तो हातातली लोखंडी टोकाची काठी सवयीनं आपटत होता, कधी रुळावर, कधी बोल्टवर.

अण्णांनी मान उचलली. "परत मार," ते म्हणाले.

"काय मारू?" पहारेकरी दचकला.

"आत्ता मारलंस तिथं. त्याच्या पलीकडच्यावर. आता अलीकडच्यावर." ते उठून उभेच राहिले. पहारेकऱ्यानं का कोण जाणे, मुकाट्यानं मारलं. मला तिन्ही आवाज सारखे वाटले. अण्णा म्हणाले, "तिसरा सैल हाय. पाना आण."

"आजोबा, हे इंजिन इथं वीस वर्षं हललं नाही. सैल असला तर काय बिघडलं?"

"वर उभं हाय ना? मग बिघडलं."

पाना काही मिळाला नाही, पण पहारेकऱ्यानं वाकून बोटांनी तिसऱ्या बोल्टची चाकी धरली आणि ती फिरली. सहज फिरली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "अण्णा, तुम्हाला ऐकू येतंय."

"मग वळण का न्हाय आलं?" ते चिडून म्हणाले.

तेही खरंच होतं. परतीच्या प्रवासात हाच प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. घरी आल्याबरोबर मी ऑगस्टचं चित्रण काढलं, आवाज पूर्ण मोठा केला. वळण, बोगदा, माझी स्वतःची बडबड, आणि खाली एकसारखी घरघर. ठेका कुठंच नाही. मी तीनदा लावलं. मग अण्णांना सांगितलं, की मोबाईललाही जोड ऐकू आलेले नाहीत.

"मोबाईल बी म्हातारा झाला आसंल."

"अण्णा, जोड काढलेच असतील तर? सगळीकडे आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, तुम्हीच सांगता."

"सपाटीला. घाटात न्हाय." त्यांनी मला मूर्खात काढलं. "वळणावर लोखंड उन्हानं वाढतं, त्याला जागा लागती. घाटात जोड असतोच. मला नको शिकवू."

ज्या माणसानं इतकी वर्षं त्या वळणावर घालवली, त्याच्याशी वाद काय घालणार? मी घातला नाही. शनिवारी सकाळी त्यांना परत त्याच पॅसेंजरमध्ये बसवलं. सोमवारी डॉक्टर होते, त्याआधी जमण्यासारखा हा एकच दिवस. वळण आलं, अण्णांनी या वेळी कान लावलाच नाही, मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले. घाट चढून गेल्यावर आंबळ्याला आम्ही उतरलो.

फलाटावर आम्ही दोघंच. समोरून रुळाच्या कडेनं नारिंगी जाकीट घातलेल्या एक बाई चालत येत होत्या, चाळिशीच्या, खांद्यावर हातोडा. अण्णा बघतच राहिले. त्यांच्या वेळी या कामावर बाई नव्हती.

"तू चावीवाली हायेस?" त्यांनी विचारलं.

"हाय की. का ओ बाबा?"

"खालचं मोठं वळण तुझ्याकडं?"

"माझ्याच बीटात."

अण्णांनी माझा हात धरला. मग त्यांनी विचारलं, "जोड किती हायेत त्याच्यावर?"

"जोड?" बाई हसल्या. "जोड कुठलं आता? समदं वेल्डिंग झालंय. नवी लाईन टाकली, वळण बी मोठं केलं, तवाच काढलं. सिग्नलपाशी एक ऱ्हायलाय तेवढाच." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, अण्णांच्या खांद्याकडे, जिथं हातोडा टेकून टेकून एक खळगा पडला आहे, तिकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमी हितलंच का?"

अण्णांनी मान हलवली आणि बाकावर बसले. टोपी काढून तोंडावर धरली. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आत्ता. बाई शेजारी बसल्या, पाण्याची बाटली पुढं केली. दोघांचं मग बराच वेळ चाव्यांवरून बोलणं चाललं. अण्णांना त्यांचं निम्मं बोलणं ऐकू येत नव्हतं, बाई तीन तीनदा सांगत होत्या. सोमवारची वेळ रद्द करायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

परतीची गाडी दुपारची. उन्हं कलली होती, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. अण्णा खिडकीशी बसले आणि सवयीनं डोळे मिटले. घाट लागला. खालून नुसती एकसुरी घरघर येत होती, त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. गाडी वळणावर कलली आणि खाली उरुळीकडचा सगळा सपाट मुलूख एकदम उघडा झाला, उसाचे हिरवे चौकोन, मधून पाटाचं पाणी.

अण्णा पुढं वाकले. दोन्ही हातांनी गज धरले.

"हे हितनं दिसतं?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच दिसतं, अण्णा. तुम्ही तर रोज इथून चालत..."

"गप बस जरा," ते म्हणाले. "बघू दे."